केशवरावांचा काटा

चंद्रभानची जीप यंदा कोजागिरी ते दिवाळी या पंधरवड्यात तीनदा धर्मपालच्या दारात आली आणि तिन्ही वेळा दुसऱ्याच्या जोरावर आली. पहिल्यांदा ट्रॅक्टरनं ओढून आणली, दुसऱ्यांदा बैलजोडीनं, आणि तिसऱ्यांदा चंद्रभानची बायको गोदाबाई पदर खोचून मागून ढकलत आली. फाट्यावरच्या चहाच्या दुकानात बसलेल्यांनी या तिन्हींची नोंद घेतली. फाट्यावर बसणाऱ्यांना दुसरं काम नसतं.

दर्यापूर-मूर्तिजापूर रस्त्यावरचा हा फाटा. चहाचं एक दुकान, एक कृषी केंद्र, एक मोठा लिंब, लिंबाखाली धर्मपालचं गॅरेज आणि गॅरेजच्या मागं त्याचं दोन खोल्यांचं घर. पंचवीस वर्षांत त्यानं बसवलेलं इंजिनाचं हेड परत खोलायची पाळी एकदाच आली होती, आणि ती चूक पॅकिंगची होती हे तो पुढं वर्षभर सांगत होता.

हेड म्हणजे इंजिनाचं वरचं लोखंडी झाकण. खाली इंजिन, वर हेड, मधे पातळ पॅकिंग, आणि सगळं घट्ट धरायला दहा बोल्ट. दहाही सारखे आवळले गेले तर गाडी दहा वर्षं बोलत नाही. एखादा ढिला राहिला की पॅकिंग जळतं, पाणी उकळतं आणि गोदाबाईला पदर खोचावा लागतो.

"मिस्त्री, पुन्हा तेच," चंद्रभान म्हणाला. "रेडिएटरात बुडबुडे, अन् मागून पांढरा धूर."

"पॅकिंग खराब येऊन राहिले आजकाल."

"दोन्ही?"

"दोन्ही," धर्मपाल म्हणाला. म्हणताना त्यानं जीपच्या चाकाकडं पाहिलं.

गोदाबाईला अजून धाप लागलेली होती. "मिस्त्रीभाऊ, रविवारी आमचा बचतगट चिखलदऱ्याले चालला. बारा बाया हाय. त्यातल्या चार जनी माझ्याएवढ्या." गोदाबाई लहान नव्हती. "परतवाड्याच्या पुढं घाट चढा लागते, ठाऊक हाय ना? तिथं नाई ढकलनार बाप्पा मी."

ती चहा प्यायला गेल्यावर चंद्रभाननं धर्मपालला लिंबाच्या बुंध्याकडं नेलं. "ह्या बारीनं नीट पाहा. नाईतं मंग अमरावतीले नेतो म्हनतो. वाईट नोका मानू."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. धर्मपालला ओरडणाऱ्या गिऱ्हाइकांची सवय होती; त्यांना तो दुप्पट ओरडून परत पाठवी. पण चंद्रभान हळू बोलला, आणि खांद्यावर हात ठेवून बोलला. पंचवीस वर्षांत या फाट्यावरून अमरावतीला गेलेली गाडी म्हणजे धर्मपालनं स्वतः 'न्या' म्हटलेली गाडी. त्यानं न सांगता एक गेली, की मागोमाग बाकीच्या जाणार. ट्रॅक्टरवाले तर एकमेकांच्या मागंच चालतात.

*

हेड आवळायचं धर्मपाल अकोल्याच्या उस्तादांकडं शिकला होता. उस्तादांकडं ना पुस्तक होतं ना माप. पाना लावायचा, ओढायचा आणि खांद्याचं ऐकायचं. खांद्यानं 'हं' म्हटलं की थांबायचं. धर्मपालच्या खांद्यानं पंचवीस वर्षं बरोबर जागी 'हं' म्हटलं होतं.

मग यंदाच्या भादव्यात त्याला चिकनगुनिया झाला. ताप आठ दिवसांत उतरला, सांधेदुखी उतरली नाही. सकाळी बोटं मिटत नसत. शर्टाची गुंडी मैना लावून देई. चहाचा कप तो दोन्ही हातांनी धरी आणि कोणी पाहिलं तर थंडी वाजते म्हणे, आश्विनात, वऱ्हाडात. गिऱ्हाईक यायच्या आधी हात गरम पाण्यात घालून बसे. कोणी विचारलं तर, "ग्रीस काढून राहिलो." एवढं ग्रीस त्या हातांवर आयुष्यात बसलं नव्हतं.

खांदा मात्र अजून 'हं' म्हणायचा. फक्त आता तो दुखलं की म्हणायचा, आणि दुखायचं फार लवकर.

हे धर्मपालला कळलं नव्हतं असं नाही. म्हणूनच दुसऱ्या वेळी त्यानं पान्याला लांब पाईप घातला आणि झटके देऊन बोल्ट आवळले. ज्याच्यावर झटका बसला तो मरणाचा घट्ट, ज्याच्या वेळी पाईप निसटला तो ढिला. इंजिनाला हे आठ दिवसांत कळलं.

बुधवारी त्यानं हेड खोललं. पॅकिंग दोन जागी जळून काळं पडलेलं. हेड वाकलं का ते बघायला गुरुवारी तो मूर्तिजापूरला लेथवाल्याकडं गेला. पोत्यात बांधलेलं हेड सीटवर भाडं घेणाऱ्या जीपमधे दोघा प्रवाशांनी चढवून दिलं आणि दोघांनी उतरवून दिलं. धर्मपालनं फक्त पोत्याचं तोंड धरलं.

लेथवाला जुना ओळखीचा. त्यानं हेडवर पट्टी ठेवली, खालून उजेड पाहिला, मग काढून आणलेले बोल्ट हातात घेऊन फिरवले. एकाचा गळा ताणून बारीक झाला होता.

"मिस्त्री, हे कोनं आवळले? नवं पोरगं ठेवलं का?"

"हो," धर्मपाल म्हणाला. "नवं हाय."

"कानफटात द्या त्याच्या."

"देतो."

हेड पातळ तासून घेऊन आणि बोल्टांचा नवा संच घेऊन तो संध्याकाळी परत आला. मैनानं वाढताना दोनदा त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिसऱ्यांदा पाहिलं नाही.

*

मैना सोळा बायांच्या वेचणीच्या टोळीची मुकादम. सध्या केशवरावांच्या वावरात कापसाचा पहिला वेचा चालू होता. दुपारी बाया ओट्या मोकळ्या करत, गाठोडी बांधत, आणि मैना एकेक गाठोडं काट्याला लटकवून वजन बोले. काटा म्हणजे स्प्रिंगचा ताणकाटा: वर कडी, खाली आकडा, मधे पितळी पट्टीवर किलोच्या रेघा. वावरातून चोरीला जाईल म्हणून तो रात्री मैनाच्याच घरी खुंटीला असे.

केशवराव माणूस वाईट नव्हते, फक्त त्यांचा काटा लाजाळू होता. गंगूबाईनं एकदा त्याला किराणा दुकानातली आट्याची सीलबंद दहा किलोची थैली लटकवून पाहिली, तर काटा साडेनऊ बोलला. बायांनी त्यावर भांडण केलं नाही. त्या दुसऱ्या दिवसापासून अर्धा तास लवकर, दव असतानाच वेचायला लागल्या. दवाचं वजन आणि काट्याची लाज यांची तेव्हापासून फिटंफाट चालली होती, आणि दोन्ही पक्ष आपण हुशार आहोत अशा समजुतीनं सुखात होते.

शुक्रवारी मैना वावरात गेली नाही. गंगूबाईला काटा चालवायला सांगितला आणि संध्याकाळी न विसरता परत आणायला सांगितलं. धर्मपाल जीपवर हेड ठेवायच्या तयारीत होता. ती लोणच्याची बरणी घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"हे लावा बरं झाकन."

"कामात हाय मी."

"लावा."

त्यानं झाकण फिरवलं. दात खाऊन फिरवलं, कपाळावर शीर आली. मैनानं बरणी घेतली आणि दोन बोटांनी झाकण उघडलं.

"पंचवीस वर्सं झाली," ती म्हणाली, "तुमी लावलेलं झाकन मले कधी उघडलं नाई. शेजारच्या मानिकबाईच्या पोराले बोलवा लागे. शिव्या देत होती मी तुमाले. भादव्यापासून उघडून राहिलं, अन् मी गप हाय."

धर्मपाल बोनेटवर टेकला. बराच वेळ त्यानं पाना कापडानं पुसला. पाना आधीच स्वच्छ होता.

"लेथवाल्याले मी सांगतलं, नवं पोरगं ठेवलं," तो शेवटी म्हणाला.

"मंग?"

"कानफटात दे म्हने त्याच्या."

मैना हसली. हसू दाबायचा तिनं प्रयत्न केला, पण बरणीवरचं झाकण खडखडलं. मग तोही हसला, आणि त्या हसण्यातच तिनं मोबाईल काढून मुलीला लावला.

माधवी, त्यांची एकुलती एक, आयटीआय करून अमरावतीला एका मोठ्या वर्कशॉपात मेकॅनिक होती. तीन वर्षांपूर्वी पहिल्या पगारात तिनं बापाला टर्क पाना आणून दिला होता: लाल पेटीतला, दांड्यावर आकडे असलेला. हवा तो आकडा लावायचा. तेवढा जोर झाला की पाना 'टक्' वाजतो आणि आपण थांबायचं. धर्मपालनं तो दहा जणांना दाखवला होता.

"बाबा, त्यानंच तर आवळा ना," माधवी फोनवर म्हणाली. "त्याच्यासाठीच देल्ला मी. बोटं दुखो की खांदा दुखो, थो टक् म्हनते."

लाल पेटी निघाली. आत पाना नव्हता, तीन किलो खिळे होते. पाना जॅकच्या मागं सापडला, दांड्यावर पोचे. धर्मपालनं तो आठवर लावून एका बोल्टवर ओढला. टक् वाजलं नाही. पाचवर लावला, तर दोन बोटांनी हलवताच टक्, टक्, टक् वाजायला लागला.

फोनमधून माधवीला ते ऐकू गेलं. "बाबा. काय काय खोललं तुमी त्यानं?"

"काई नाई. ट्रकची चाकं."

"चाकं?"

"लांब होता, दांडगा होता. पाईप घातला का चांगला जोर येत होता."

"त्याच्यावर पाईप घातला?"

"अन् एकदा बोरवेलचा नट," मैनानं हिशेब पूर्ण केला. "अन् हातोडी सापडली नाई तवा खुंटी ठोकली."

"तो मापाचा पाना होता, बाबा," माधवी म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून धर्मपालला तो जास्त लागला. "आता दुसरा पाठवतो म्हटलं तरी सोमवारच्या आधी नाई पोचत."

"गाडी तं रविवारी पायजे," धर्मपाल म्हणाला. तो खाली पाटावर बसला आणि त्यानं हात मांड्यांखाली दाबले. "राहू दे. चंद्रभानले सांगतो, ने अमरावतीले."

मैना फोनच्या जवळ सरकली. "माधवी, हे जे आकडे हाय, आठ अन् साडेआठ, ते कायचे?"

"किलोचे, आई. म्हंजे किलोग्राम-मीटर."

"किलो म्हंजे आपलाच किलो? कापसाचा?"

"हो. मीटरभर लांब दांडा धरायचा, अन् त्याच्या टोकाले तितक्या किलोचा ओढ..." माधवी थांबली. "आई, तुमचा काटा घरी हाय?"

"संध्याकाळी येते," मैना म्हणाली.

*

शनिवारी दव असतानाच काम सुरू झालं. माधवीनं पुस्तकाचं पान मोबाईलवर पाठवलं होतं. धर्मपालनं आयुष्यात पहिल्यांदा इंजिनाचं पान वाचून काम केलं, आणि वाचताना चष्मा मैनाचा लावला.

आधी बोल्टांची दहाही भोकं चिंधीनं आतपर्यंत पुसली. खाली तेल साचलेलं असलं की बोल्ट तेलावर अडतो आणि घट्ट झाल्याचं खोटंच सांगतो. हे धर्मपालला ठाऊक होतं; गेल्या दोन वेळा बोटं भोकात वळत नव्हती म्हणून त्यानं सोडून दिलं होतं. आज मैनाची बारीक बोटं गेली. चिंधी काळी होऊन बाहेर आली, दुसरी करडी आली, तिसरी कोरडी आली. मग पॅकिंग, मग हेड. हेड ठेवायला चहावाला आणि कृषी केंद्रातला नितेश आले. मैनानं खडूनं बोल्टांना नंबर घातले: मधून सुरू, मग आळीपाळीनं बाहेर, एकदम एका कडेनं नाही.

पान्यावर पाईप चढवला. बोल्टच्या मधापासून पट्टीनं बरोबर एक मीटर मोजून धर्मपालनं कानसीनं खाच पाडली. खाचेत काट्याचा आकडा अडकवला. त्यानं काट्याची कडी दोन्ही हातांनी धरली.

"सरळ ओढा," मैना म्हणाली. "पाईप इकडं, काटा तिकडं, खाटेच्या कोपऱ्यासारखा. तिरपं नाई."

"ठाऊक हाय मले."

"ठाऊक हाय तं मंग तिरपं काहून धरलं?"

त्यानं सरळ धरलं.

पहिल्या फेरीत दहाही बोल्ट चार किलोवर. दुसऱ्या फेरीत सहावर. चारपर्यंत खांदा गप्प राहिला. सहाला त्यानं दुसऱ्याच बोल्टला 'हं' म्हटलं.

"झालं," धर्मपाल म्हणाला.

"पाचवर हाय काटा."

"झालं म्हनतो ना."

"तुमचा खांदा बोलून राहिला. काटा नाई बोलून राहिला. ओढा."

त्यानं ओढलं. बोटांच्या सांध्यांतून कळ कोपरापर्यंत गेली, डोळ्यांत पाणी आलं. मैना पितळी पट्टीवर नाक टेकवून वाचत होती. तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिनं कमीवर 'बस' म्हटलं असतं, आणि हे तिला ठाऊक होतं.

"बस," ती म्हणाली.

शेवटची फेरी साडेआठाची. धर्मपाल बसून राहिला, हात गरम पाण्यात. मैनानं मोबाईलवरचं पान बघितलं, काटा बघितला आणि मनातल्या मनात काहीतरी केलं.

"आठावर थांबायचं," ती म्हणाली.

"साडेआठ लिहेल हाय."

"हो. पन हा केशवरावचा काटा हाय. हा आठ म्हनते तवा साडेआठ असते."

धर्मपालनं बायकोकडं पाहिलं. पंचवीस वर्षं त्यानं लोखंडाचं वागणं ओळखलं होतं; माणसांच्या काट्यांचं हिनं ओळखलं होतं, आणि घरात ही गोष्ट कधी निघाली नव्हती.

दहा बोल्ट, दहा वेळा. पाचव्याला त्याच्यानं ओढवेना, तेव्हा मैनानं कडीत एक हात घातला आणि दुसऱ्या हातानं पाईप सावरून मान वाकडी करून पट्टी वाचली. दोघं मिळून मागं झुकली. कोणाचा जोर किती हे काट्याला कळत नव्हतं, तो दोघांची बेरीज दाखवत होता. अकरा वाजता दहावा बोल्ट आठावर आला. धर्मपालच्या शर्टाची वरची गुंडी तुटली होती. मैनाच्या हाताला कडीचा लाल वण उठला होता.

दुपारी इंजिन सुरू केलं. बुडबुडा नाही. पांढरा धूर नाही. धर्मपाल तासभर रेडिएटरच्या तोंडात बघत बसला, विहिरीत पडलेली बादली शोधतात तसा.

*

रविवारी बारा बाया चिखलदऱ्याला गेल्या. धर्मपालनं दिवसभरात चार चहा घेतले आणि उत्तरेकडं किती वेळा पाहिलं ते चहावाल्यानं मोजलं नाही, कारण चहावालाही तिकडंच बघत होता. सूर्य कलायच्या सुमाराला जीप आली. स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या जोरावर, आणि आतून गाण्याचा आवाज.

सोमवारी सकाळी चहाच्या दुकानात बाक भरलेला होता. केशवरावही होते, धुतलेलं धोतर, बशीतला चहा. चंद्रभाननं सगळ्यांसमोर धर्मपालच्या पाठीवर थाप मारली.

"पूर्न घाट चढली बाप्पा! गरमीचा काटा अर्ध्यावरून हालला नाई. तीन अमरावतीच्या गाड्या बोनेट उघडून उभ्या होत्या घाटात. हात हाय मिस्त्री तुमचा, हात!"

बाकावरच्यांनी माना डोलवल्या. धर्मपालनं कप दोन्ही हातांनी धरला होता. आता त्यानं नुसता चहा प्यायला असता तरी भागलं असतं. फाट्यावरचं त्याचं नाव होतं तिथं परत बसलं होतं. मैना वेचणीला निघाली होती, काटा खांद्यावर, गंगूबाई मागं. ती नुसती थांबली.

"हात नाई," धर्मपाल म्हणाला. त्यानं कप ठेवून बोटं पुढं केली, सुजलेली, अर्धवट मिटलेली. "ह्या हातानं दोनदा पॅकिंग उडवलं तुमचं. पॅकिंग चांगले होते दोन्ही. लेथवाल्याले सांगतलं पोरगं ठेवलं. पोरगं बी नाई. हे हेड काट्यावर आवळलं, कापसाच्या. मैनानं काटा वाचला, अन् थोडं ओढलं बी. पुस्तकात साडेआठ होतं."

"अन् बरोबर साडेआठावर आनलं?" चंद्रभाननं विचारलं.

"नाई, आठावर. केशवरावचा काटा हाय ना. तो आठ दाखवते तवाच साडेआठ..."

इथं धर्मपाल थांबला. फार उशिरा थांबला.

बाकावर कोणी हाललं नाही. केशवरावांच्या बशीतला चहा तेवढा हालला. चहावाल्यानं ज्या कपबशा धुवून झाल्या होत्या त्या पुन्हा धुवायला घेतल्या. गंगूबाईनं पदर तोंडावर घेतला, तो लाजेनं नव्हे.

केशवरावांनी बशी संपवली. धोतर झटकलं. मैनाकडं बघून म्हणाले, "जुना झाला असन."

"हो मालक," मैना म्हणाली. "स्प्रिंग थकली असन."

"मी बदलतो."

"बदला मालक."

मंगळवारी वावरात नवा काटा आला. त्याच्यासोबत निरोपही आला, की बायांनी आता दव उतरल्यावर वेचायला यावं. केशवरावांना दवाचंही ठाऊक होतं, बहुतेक पहिल्या दिवसापासून. बायांनी तक्रार केली नाही. अर्धा तास जास्त झोपायला मिळाला.

जुना काटा केशवरावांनी गड्याच्या हाती गॅरेजला पाठवून दिला. धर्मपालनं तो लिंबाच्या खिळ्याला लटकवला आणि पितळी पट्टीवर आठाच्या रेघेशी लाल रंगाचा ठिपका दिला. माधवीचा नवा पाना त्याच आठवड्यात आला. धर्मपालनं पेटीतले खिळे काढून त्याला जागा केली. पण तो टक् म्हणाला तरी एकदा काट्याला विचारल्याशिवाय धर्मपालचं मन भरत नसे, आणि काटा ओढून वाचणं एकट्या माणसाला जमत नाही.

म्हणून हल्ली फाट्यावर कोणाचं इंजिन उघडलेलं असेल तर दुपारभर ते तसंच असतं. बोल्ट पुसून ठेवलेले, खडूचे नंबर घातलेले, पाईप लावून ठेवलेला. परवा एक ट्रॅक्टरवाला घाई करत होता.

"मिस्त्री, चार बोल्ट तं राह्यले. आवळा ना, निघतो मी."

धर्मपाल गरम पाण्यात हात घालून बसला होता. "बसा," तो म्हणाला. "चहा घ्या. मैना येऊ द्या वावरातून."